सरस झोपाळ्याचा करारनामा

रखमाजीच्या झोपाळ्याबद्दल मी कधीही वाईट बोललो नाही. लोक उगाच माझ्या नावावर घालतात. मी फक्त एवढंच म्हणालो होतो की, त्याच्या कड्या करकरतात, फळी अरुंद आहे, आणि पेन्शनीत निघालेल्या माणसानं दिवसभर झोपाळ्यावर बसून साऱ्या आळीला दर्शन देत राहणं बरं दिसत नाही. याला कोणी वाईट बोलणं म्हणत असेल तर मग माणसानं मुक्यानंच जगावं.

गोष्ट चौतीस सालची. भोर संस्थान तेव्हा अजून संस्थान होतं, आणि मी कचेरीसमोरच्या लिंबाखाली उतरतं डेस्क मांडून अर्जनवीशी करत होतो. रखमाजी सरकारी कोठारातला कारकून. पेन्शन घेऊन घरी आला आणि आठ दिवसांत त्यानं ओटीवर झोपाळा टांगला. त्याचं घर आमच्या बरोब्बर समोर. मधली गल्ली इतकी अरुंद की, दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीला कोणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरून वाट द्यावी लागे. त्यामुळं झोपाळा त्याच्या ओटीवर असला तरी हलायचा तो माझ्या डोळ्यांत.

तेही मी सोसलं असतं. पण आमची बायको सोजराबाई दुपारची भांडी पालथी घातली की पदर सावरून सरळ समोर जायची. रखमाजीची बायको बनाबाई आणि ही, दोघी त्या झोपाळ्यावर दिवेलागणीपर्यंत. रखमाजी तेवढा वेळ आत वामकुक्षीला. मी कचेरीतून येऊन बघतो तर आपलं घर रिकामं आणि समोरून हसण्याचा आवाज. बायका काय हसतात हे ऐकू येत नाही, नुसतं हसतात एवढंच ऐकू येतं, तेव्हा माणसाला आपल्या धोतराचा काष्टा तपासून पाहावासा वाटतो.

एकदा मी विचारलं, "आपल्या ओटीवर बसायला काय झालं?"

"बसायला आहे काय आपल्या ओटीवर?"

आमच्या ओटीवर पाट होता, घोंगडी होती, मी होतो. पण हे बोलून दाखवणं मला कमीपणाचं वाटलं. त्याच दिवशी मी ठरवलं, झोपाळा करायचा. असा करायचा की, सोजराबाईनं दुपारी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता कामा नये. मला दुसरं काही नको होतं.

आता इथं थोडं माझ्या विद्येबद्दल सांगणं भाग आहे. करारनाम्यात लोक नावं बघतात, शिक्का बघतात, स्टँप किती आण्यांचा ते बघतात. ते सगळं वेलबुट्टीचं काम. करारनाम्याचा जीव एका वाक्यात असतो, पैसे कधी द्यायचे या. पासलीच्या ज्ञानूनं म्हैस विकली तेव्हा दुसऱ्या एका अर्जनवीसानं लिहून दिलं, "म्हैस घेणाराच्या गोठ्यात व्याली म्हणजे रक्कम द्यावी." म्हैस व्याली रानात. घेणारा म्हणाला, गोठ्यात कुठं व्याली? म्हैसही अशी मानी की, पुढं दर खेपेला दिवस भरले की दावं तोडून रान गाठायची. तिसऱ्या वेताला ज्ञानूनं रानातच तिच्याभोवती गोठा बांधायला काढला होता, असं म्हणतात. किकवीच्या एकानं "भात घरी आल्यावर देईन" असा कागद केला आणि वर्षभर भात खळ्यावरच ठेवलं. स्वतःही तिथंच राहायला गेला. खळ्यावर त्याच्या मुलीचं लग्न लागलं, पण भात काही घरी आलं नाही.

माझ्या कागदाला असली भगदाडं नसत. मी लिहिलेल्या मुदतीतून मुंगीसुद्धा बाहेर पडू शकत नसे.

वेल्ह्याकडचा सावळाराम सुतार मी मुद्दाम पासलीहून बोलावला. रखमाजीचा झोपाळा त्यानंच केलेला. माझं गणित असं की, ज्यानं तो केला त्यालाच त्यातली खोट ठाऊक असणार. माणूस इतका किडकिडीत की, रंधा मारायला लागला म्हणजे रंधा त्याला मारतोय असं वाटे. मी आठ आण्यांच्या स्टँपावर करारनामा केला. एकंदर रक्कम रुपये चाळीस. लाकूड टाकल्यावर दहा इसार, झोपाळा टांगल्यावर पंधरा. आणि मग शेवटचं कलम, जे लिहिताना माझ्या हाताला गुदगुल्या झाल्या:

"बाकीचे रुपये पंधरा, मालकाच्या ओटीवर टांगलेला झोपाळा समोरील रखमाजी यांच्या ओटीवरील झोपाळ्यापेक्षा सरस आहे अशी मालकाची खात्री पटताच तात्काळ, सबब न सांगता, द्यावेत. तोवर कारागिरानं लागतील ते सर्व फेरफार जादा मजुरी न मागता करावेत."

म्हणजे मालक मी, खात्री माझी, पंधरा रुपये माझ्या कनवटीला. सावळारामला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. त्यानं छताकडं बघत बोटांवर काहीतरी मोजलं.

"तात्या, कागद लई झ्याक हाय. येवढंच धरा, की फेरफार चालू हायेत तवर दोन येळचं जेवान."

"एवढंच ना?" मी म्हणालो आणि समासात लिहून टाकलं. दोन भाकरी खाणारा माणूस. बुडून बुडून काय बुडणार?

लाकडापासूनच ग्रह फिरले. पासलीहून सागाची फळी गाडीत घातली, तर वाटेतल्या एका नाक्यावरच्या कारकुनानं विचारलं, लाकूड कशासाठी? त्याच्याकडच्या यादीत नांगर होता, मोट होती, घराचं आढं होतं, झोपाळा नव्हता. गाडी तीन दिवस तिथं उभी. बैलांनी नाक्यामागची मेथी खाल्ली, तिचे पैसे वेगळे. शेवटी मी स्वतः अर्ज लिहून फळी "पाळणा" या सदराखाली सोडवून आणली. तर महिन्याभरात भोरभर झालं की, कुंडलिकरावांकडं, म्हणजे माझ्याकडं, पाळणा करायला टाकलाय. माझं वय तेव्हा चोपन्न. सोजराबाईला बायका येऊन डोहाळे विचारायला लागल्या. ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही, पण समोर जाऊन हसणं मात्र चालू होतं.

झोपाळा टांगला. खोटं कशाला बोलू, सुबक होता. पितळी कड्या, गुळगुळीत फळी, पाठीला कठडा. सोजराबाई बसली. पहिल्या दिवशी बसली, दुसऱ्या दिवशी बसली, तिसऱ्या दिवशी पदर सावरून समोर गेली.

मी सावळारामला म्हणालो, "खात्री पटली नाही."

"काय कमी हाय म्हंता?"

"त्यांच्यात काहीतरी आहे. ते यात नाही."

"त्यांच्यात काय हाय? ती फळी म्या उरलेल्या चौकटीची केलीया."

"तेच शोध," मी म्हणालो.

सावळारामनं कठड्यावर दोन राघू कोरले. आठ दिवस लागले. आठ दिवस तो आमच्याकडं जेवला. मग एके दिवशी डोकं खाजवत कचेरीसमोर आला. म्हणाला, "तात्या, तुमचा कागद येका गिऱ्हाइकाला लई आवडलाया. हुबेहूब नक्कल पायजे. आठ आणे देतो. नावाच्या जागा मोकळ्या ठेवा."

माणसाला आपल्या अक्षराची स्तुती कुठं नको असते? मी नक्कल केली. जरा जास्तच वळणदार केली. समासातलं जेवणसुद्धा या खेपेला ठसठशीत कलम म्हणून घातलं. आठ आणे घेतले, त्यातल्या एका आण्याचा चहा सावळारामला पाजला, आणि "बघ, कागद असा असतो" असंही वर म्हणालो.

दुसऱ्या दिवशी रखमाजीच्या झोपाळ्यावर हत्ती कोरायला सुरुवात झाली.

मी गल्लीतच उभा राहिलो. रखमाजी ओटीवरून म्हणाला, "काय कुंडलिकराव, तुमचे राघू छान झालेत. म्हटलं, आपल्यालाही काहीतरी करायला पाहिजे. कागद तुमच्याच हातचा आहे. मुदतीचं कलम वाचून आमचे डोळे निवले."

म्हणजे काय झालं ते लक्षात घ्या. माझा झोपाळा त्याच्यापेक्षा सरस झाला की मी पैसे देणार. त्याचा माझ्यापेक्षा सरस झाला की तो देणार. आणि दोन्ही झोपाळ्यांवर काम करणार एकच सावळाराम, दोन्ही घरी जेवणार एकच सावळाराम. सकाळी आमच्याकडं, संध्याकाळी त्यांच्याकडं; आणि ज्या दिवशी हात जरा जास्त चाले त्या दिवशी दोन्हीकडं दोन्ही वेळा. मुंगी बाहेर पडू शकणार नाही अशा मुदतीत मी एक आख्खा सुतार कोंडून घेतला होता, आणि तो आत खुशाल होता.

त्यात त्याला खोड होती बोलायची. आमच्याकडं पिठलं वाढलं की म्हणायचा, "बेस हाय. काल बनावैनींनी वांगं केलं व्हतं." एवढंच. पुढं काही नाही. दुसऱ्या दिवशी सोजराबाईनं भरली वांगी केली. तिसऱ्या दिवशी बनाबाईनं गुळाची खांडवी. श्रावण नाही, सण नाही, आणि गल्लीत पुरणाचे वास. मला स्वतःला इतकं चांगलं जेवायला लग्नात मिळालं नव्हतं. पण त्यातही पहिली पोळी सावळारामची. दोन महिन्यांत माणूस असा भरला की, त्याचा सदरा मी आणि रखमाजीनं निम्मे निम्मे पैसे घालून नवा शिवला. करारात नव्हतं, पण उघड्या पोटाचा सुतार दारात बरा दिसेना.

झोपाळे वाढत होतेच. राघूंना मी मोर जोडले. त्यानं हत्तींवर अंबाऱ्या चढवल्या. मी कड्यांना घुंगरं लावली. त्यानं फळी दीड हात लांब करून घेतली, तर झोका घेताना ती दारावर आपटायला लागली आणि बनाबाईला स्वयंपाकघरात जायचं तर झोका मागं गेला की पटकन सटकावं लागे. माझ्या मोरांच्या चोची पाठीत अशा टोचत की, बसणाऱ्यानं मान पुढं घालून, शिक्षा झालेल्या पोरासारखं बसायचं. शिवाय एवढं लाकूड कोरून चिकटवल्यावर वजन केवढं झालं? एक दिवस तुळईनं कण्हल्यासारखा आवाज केला. सावळारामनं वर बघितलं, खाली बघितलं आणि झोपाळ्याच्या बरोब्बर मध्ये, खालून, टेकूला एक धीरा लावला.

"आता हा हलणार कसा?" मी विचारलं.

"हलंल कशाला? पर पडायचा न्हाई."

भाटघरच्या धरणाची भिंतसुद्धा एवढी पक्की नसेल. भोर संस्थानातला न हलणारा झोपाळा म्हणून बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून लोक बघायला यायचे. एका म्हाताऱ्यानं मोरांपुढं पैसा ठेवून नमस्कार केला. आणि सोजराबाई? ती त्या दारावर आपटणाऱ्या झोपाळ्यावर जाऊन बसायची. दार वाजलं की दोघी हसायच्या.

कचेरीसमोर माझ्याकडं कागद करायला येणारे आधी विचारायला लागले, "तात्या, पटली का खात्री?" मी शाई वाळवत असल्याचं दाखवायचो.

आळीत चिमाजी मास्तर होते, शाळेतून निवृत्त झालेले, दुसऱ्याच्या भांडणात हिशेबी. ते म्हणाले, "खात्री ही मनाची गोष्ट. ती मोजायला माप पाहिजे. झोपाळ्याचा उपयोग काय? झोप. तेव्हा ज्याच्यावर लवकर झोप लागेल तो सरस."

परीक्षा ठरली. परीक्षक अर्थात स्वतः मास्तर. माझ्याकडचा धीरा तेवढ्यापुरता काढला आणि तुळई चार जणांनी खांद्यावर धरली. मास्तर आधी रखमाजीच्या झोपाळ्यावर निजले आणि शंभर आकडे मोजायच्या आत घोरायला लागले. त्यांना उठवून माझ्याकडं आणलं. तर मास्तर गल्ली ओलांडतानाच झोपलेले. मी म्हणालो, हे धरता येणार नाही. रखमाजी म्हणाला, मग पहिलंही धरू नका, मास्तर शाळेतसुद्धा असेच झोपायचे. मास्तर उठले, अपमान झाला म्हणाले, आणि दोघांकडचा चहा पिऊन घरी गेले.

असा ज्येष्ठ सरत आला. एक दिवस सावळाराम जेवून उठला, पण नेहमीसारखा ढेकर दिला नाही. ओटीच्या कडेला बसून राहिला.

"तात्या, पासलीकडं आवणाला आलं. भाताची लावनी माझ्याबिगर खोळंबल. मला माझं पैसं द्या, म्या जातो."

"खात्री पटू दे, लगेच देतो. कागदच आहे तसा."

"बरं. मग मला खरं सांगा. ह्या घडीला कुणाचा झोपाळा सरस? देवाला स्मरून."

मी समोर पाहिलं. सोजराबाई तिकडं बसली होती. झोका आला, दार वाजलं, दोघी हसल्या.

"त्याचा," मी म्हणालो.

"पक्कं?"

"पक्कं. शंभर वेळा त्याचा."

"मग द्या लिवून. म्हंजे मी गावात सांगंन, तात्या फुकट पैसं अडवत न्हाईत."

ही मागणी मला फार रास्त वाटली. मी झोकात लिहिलं, "आज मितीस रखमाजी यांच्या ओटीवर असलेला हत्तींचा झोपाळा माझ्या मोरांच्या झोपाळ्यापेक्षा सर्वतोपरी सरस आहे," खाली सही ठोकली. पैसे वाचले म्हणून सावळारामला पानसुपारीही दिली. पुढं कळलं की, तसाच एक कागद रखमाजीनंही, मोरांची वाखाणणी करून, त्याच दुपारी लिहून दिला होता. त्याला पानसुपारीबरोबर लवंगही दिली होती.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून आलो तर ओटीवर हत्ती.

क्षणभर वाटलं, घर चुकलं. समोर वळलो, तर तिथं रखमाजी माझ्या मोरांकडं बघत उभा. गल्लीच्या मधोमध सावळाराम, अंगावर नवा सदरा, हातात दोन कागद, आणि शेजारी वाचून दाखवायला चिमाजी मास्तर.

"हे काय आहे?" मी आणि रखमाजी एकदमच म्हणालो. आयुष्यात एकमत झालं ते तेव्हा.

"फेरफार," सावळाराम म्हणाला. "लागतील ते सर्व करावेत, असं तुमीच लिवलंया. जादा मजुरी मागत न्हाई."

मास्तरांनी चष्मा लावून माझा करारनामा वाचला. मालकाच्या ओटीवर टांगलेला झोपाळा समोरच्या ओटीवरील झोपाळ्यापेक्षा सरस. मग माझ्या सहीचा कागद वाचला. हत्तींचा झोपाळा मोरांच्यापेक्षा सर्वतोपरी सरस.

"कुंडलिकराव, तुमच्या ओटीवर काय आहे?"

"हत्ती."

"समोर?"

"मोर."

"तुमच्या म्हणण्याप्रमाणे सरस कोण?"

मी करारनामा हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. वीस वर्षांत प्रथमच मी माझ्याच कागदात भगदाड शोधत होतो, आणि ते कुठंच नव्हतं. तात्काळ होतं. सबब न सांगता होतं. इतकं चोख लिहिलेलं कलम मी दुसऱ्या कोणाचं पाहिलं असतं तर जळफळलो असतो.

मी पंधरा रुपये दिले. समोर रखमाजी पंधरा देत होता. त्याच्या चेहऱ्यावर मात्र एक समाधान होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. कारण काही असो, जो झोपाळा इतके दिवस माझ्या डोळ्यांत हलत होता तो आता माझ्या ओटीवर हलत होता. आमच्याकडं तो दारावर आपटतही नव्हता, आणि मोरांपेक्षा हलका म्हणून तुळईही कण्हत नव्हती. सावळारामनं पैसे कनवटीला लावले, दोन्ही वैनींच्या पाया पडला, दोघींकडून वाटेची शिदोरी घेतली आणि पासलीच्या वाटेला लागला.

सोजराबाई दारात उभी होती. मी म्हणालो, "बस आता. तोच झोपाळा. तीच फळी. दुपारभर बस."

ती बसली. दोन झोके घेतले. मी समोर पाटावर बसून ते डोळे भरून पाहिलं. तिसऱ्या झोक्याला तिनं पाय टेकला, पदर सावरला आणि उठली.

"कुठं निघालीस?"

"बनाबाईकडं."

"अगं, पण झोपाळा इथं आहे."

"हो, पण बनाबाई तिथंच आहे ना?" ती म्हणाली. "झोपाळ्याशी काय बोलत बसू?"

आणि गल्ली ओलांडून गेली. तिकडं दोघींनी मोरांच्या कठड्यावर उशी टाकली, मान पुढं घालून बसल्या आणि हसायला लागल्या. त्याच्या घरची तुळई जाड, धीरा लागला नाही. मोरांचा झोपाळा घुंगरं वाजवत हलायला लागला. माझ्या घरी तो कधी असा हलला नव्हता.

थोड्या वेळानं रखमाजी आतून बाहेर आला. त्या घुंगरांनी त्याची वामकुक्षी मोडली होती, आणि स्वतःच्या ओटीवर त्याला बसायला जागा नव्हती. तो गल्लीत जरा घुटमळला, मग माझ्या पायऱ्या चढून आला. मी सरकलो. आम्ही दोघं हत्तींच्या झोपाळ्यावर शेजारी शेजारी बसलो आणि समोर बघत राहिलो.

"मोर इथून फार उठून दिसतात," रखमाजी म्हणाला.

"दिसतात," मी म्हणालो. "माझ्याकडं होते तेव्हा असे दिसत नव्हते."

समोर दोघी पुन्हा हसल्या. रखमाजीनं आपल्या धोतराकडं एकदा बघून घेतलं. मग हलक्या आवाजात, दुसरीकडं बघत, त्यानं विचारलं, "सावळाराम लावणी उरकून परत कधी यायचाय, काही म्हणाला का?"

"पंधरा दिवसांनी," मी म्हणालो. "मी विचारून ठेवलंय."